कॉलेज फुटबॉलची क्रमवारी: तेरा जणांची समिती बरी की गणिती सूत्र?

मिशावाकाकर (धागाकर्ते)

नमस्कार.

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉलवर, म्हणजे हेल्मेट आणि खांद्यांवर कवच चढवून खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलवर, या मंचावर मनापासून लिहिणारे बरेच जाणकार आहेत, म्हणून हा प्रश्न येथे मांडत आहे. मी इंडियाना राज्याच्या उत्तर भागात राहतो आणि आमच्या घरातले एकजण नोटर डेममध्ये शिकत असल्यामुळे माझा कल कोणाकडे आहे हे लपवण्यात अर्थ नाही. मात्र माझा प्रश्न एका संघाच्या नशिबाचा नसून निवडीच्या पद्धतीचा आहे.

२०२५ च्या हंगामात सर्वोच्च विभागात १३६ संघ होते. नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला बारा सामने येतात आणि बाद फेरीतही जागा बाराच. त्यांपैकी पाच जागा कॉन्फरन्स (म्हणजे विद्यापीठांच्या संघांचे गट) विजेत्यांमधील क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पाच संघांना मिळाल्या, उरलेल्या सात तेरा सदस्यांच्या निवड समितीने लावलेल्या क्रमवारीनुसार भरल्या गेल्या. नोटर डेमने पहिला सामना मायामीविरुद्ध २७-२४ असा आणि दुसरा टेक्सस ए अँड एमविरुद्ध ४१-४० असा गमावला, आणि त्यानंतर ओळीने दहा सामने जिंकले. मायामीचाही हिशेब दहा विजय आणि दोन पराभव असाच होता. तो लुईव्हिल आणि एसएमयू (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) यांच्याकडून हरला होता.

आता क्रम पाहा. ४ नोव्हेंबरच्या पहिल्या यादीत समितीने नोटर डेमला दहावे आणि मायामीला अठरावे स्थान दिले. पुढचा महिनाभर, आठवड्यामागून आठवडा, नोटर डेम मायामीच्या वरच राहिला. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यांच्या शेवटच्या आठवड्यात या दोघांपैकी एकही संघ मैदानात उतरला नाही, तरीही ७ डिसेंबरच्या अंतिम यादीत मायामी दहावा आणि नोटर डेम अकरावा झाला. विसावा ट्युलेन आणि चोविसावा जेम्स मॅडिसन हे दोघे विजेते म्हणून आत आल्यामुळे दहाव्या क्रमांकाखाली दार बंद होते.

समितीच्या अध्यक्षांचे स्पष्टीकरण असे होते की, या दोघांच्या मध्ये असलेला ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा संघ टेक्सस टेककडून ३४-७ असा हरून खाली घसरला, त्यामुळे मायामी आणि नोटर डेम शेजारी आले, आणि शेजारी आल्यावर त्यांच्यातील प्रत्यक्ष सामन्याचा निकाल विचारात घेतला गेला. ऑगस्टच्या ३१ तारखेला लागलेला हा निकाल नोव्हेंबरभर कोठे होता, हे मात्र कोणी सांगितले नाही.

जाणकारांना माझे विचारणे इतकेच आहे: माणसांच्या समितीऐवजी एखाद्या जाहीर गणिती सूत्राकडे हे काम सोपवले, तर अशी परिस्थिती टळेल का? पूर्वी संगणक होते, ते का काढले?


पासाडेनावाला

मिशावाकाकर, तुमची चीड समजते, पण आधीच्या पद्धती पाहिलेल्या माणसाला आजची भांडणे चैनीची वाटतात. दहाव्या जागेसाठी भांडायला आधी दहावी जागा असावी लागते.

असोसिएटेड प्रेसने १९३६ पासून पत्रकारांची मते घेऊन क्रमवारी छापायला सुरुवात केली आणि १९५० पासून प्रशिक्षकांचे वेगळे मतदान सुरू झाले. राष्ट्रीय विजेता म्हणजे या यादीत शेवटी जो पहिला असेल तो, एवढीच व्याख्या होती. अंतिम सामना नावाचा प्रकारच नव्हता. इतकेच नव्हे, तर १९६५ चा एक अपवाद सोडला तर १९६७ च्या हंगामापर्यंत पत्रकार आपली अंतिम यादी नववर्षाच्या सुमाराला निमंत्रित संघांत होणाऱ्या बाउल नावाच्या सामन्यांच्या आधीच जाहीर करून मोकळे होत. म्हणजे विजेतेपद मिळाल्यावर संघ बाउलमध्ये सपाटून हरला तरी मुकुट त्याच्याच डोक्यावर.

याचे मूळ बाउल सामन्यांच्या करारांत होते. रोझ बाउल १९०२ मध्ये पहिल्यांदा आणि १९१६ पासून दरवर्षी खेळला जाऊ लागला, आणि १९४७ पासून त्यात बिग टेन आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील कॉन्फरन्स यांचेच संघ एकमेकांसमोर येत. पाहुण्यांनी हॉटेले भरावीत आणि थंडीच्या मोसमात शहराची जाहिरात व्हावी, हा बाउल भरवणाऱ्यांचा हेतू. पहिला आणि दुसरा क्रमांक एकमेकांशी भिडावेत ही त्यांची जबाबदारी नव्हती. १९९४ मध्ये पेन स्टेट आणि नेब्रास्का दोघेही अपराजित राहिले, दोघांनी वेगवेगळे बाउल जिंकले, आणि पेन स्टेटला दोन्ही याद्यांत दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. १९९७ मध्ये मिशिगनने रोझ बाउलमध्ये वॉशिंग्टन स्टेटला २१-१६ असे हरवले, नेब्रास्काने ऑरेंज बाउलमध्ये टेनेसीला ४२-१७ असे हरवले; पत्रकारांनी मिशिगनला आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला विजेता ठरवले. त्या दोन संघांत कोण श्रेष्ठ, यावर आजही मिशिगन आणि नेब्रास्काची मंडळी एकमेकांचे डोके खाऊ शकतात.

खालच्या विभागांत मात्र रीतसर बाद फेरी कधीपासून होती हे पाहिले, की खेळाचे स्वरूपच तसे आहे हा युक्तिवाद गळून पडतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागात १९७३ पासून, तर आज एफसीएस म्हणतात त्या पहिल्या विभागाच्या दुय्यम गटात १९७८ पासून बाद फेरी आहे. फक्त जिथे पैसा सर्वाधिक होता तिथेच ती अशक्य ठरत होती.

१९९८ मध्ये बीसीएस (बाउल चॅम्पियनशिप सिरीज) आली आणि पहिल्या दोन क्रमांकांना एकत्र आणण्याचे काम मतदान आणि संगणक यांच्या मिश्रणाकडे गेले. त्यानंतर काय घडले तेही पाहा. २००१ मध्ये नेब्रास्का शेवटच्या सामन्यात कोलोराडोकडून ६२-३६ असा हरला, आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंतही पोहोचला नाही, आणि तरीही राष्ट्रीय अंतिम सामन्यात गेला. तेथे मायामीने त्याला ३७-१४ असे झोडपले. २००३ मध्ये ओक्लाहोमा बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ३५-७ असा हरूनही बीसीएसच्या यादीत पहिलाच राहिला, आणि पत्रकार व प्रशिक्षक या दोघांच्याही यादीत पहिला असलेला यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) तिसरा ठरून बाहेर बसला. शेवटी एलएसयू (लुइझियाना स्टेट) बीसीएसचा विजेता आणि यूएससी पत्रकारांचा विजेता, म्हणजे १९९७ चीच पुनरावृत्ती झाली. तेव्हा 'संगणक का काढले' याचे अर्धे उत्तर त्या एका वर्षात आहे.

दुसरे अर्धे उत्तर २००४ मध्ये, आणि तिथे दोष माणसांचा होता. हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या पत्रकारांच्या यादीत यूएससी पहिला, ओक्लाहोमा दुसरा आणि ऑबर्न सतरावा होता. तिघेही अपराजित राहिले. वरचे दोघे हरेनात, तेव्हा ऑबर्नला वर सरकायला वावच उरला नाही, म्हणजे एकही सामना होण्याआधी बांधलेल्या अंदाजाने त्याचा हंगाम निकालात काढला. अंतिम सामन्यात यूएससीने ओक्लाहोमाचा ५५-१९ असा धुव्वा उडवला. त्याच वर्षी टेक्ससच्या प्रशिक्षकांनी मतदारांकडे उघडपणे आपल्या संघाची वकिली केली आणि शेवटच्या यादीत कॅलिफोर्नियाला मागे टाकून टेक्ससने रोझ बाउलची जागा मिळवली. एवढा गदारोळ झाला की असोसिएटेड प्रेसने आपली क्रमवारी बीसीएसमध्ये वापरू नये असे कळवून अंग काढून घेतले.


अंकमोड्या

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु २००३ चे खापर संगणकांवर फोडणे मला मान्य नाही. संगणकांना सोपवलेले काम आणि त्यांच्याकडून केलेली अपेक्षा यांचा मेळच नव्हता.

बीसीएसमध्ये पुढे सहा गणिती क्रमवाऱ्या वापरात होत्या. २००४ पासून त्यांतली संघाला मिळालेली सर्वांत वरची आणि सर्वांत खालची जागा वगळून उरलेल्या चारांची सरासरी काढत, आणि तिला एकूण गुणांत फक्त एक तृतीयांश वजन देत. उरलेले दोन तृतीयांश मतदारांचे. त्याआधी, २००२ च्या हंगामापासून, विजयाचा गुणफरक विचारात घेण्यास बंदी घातली गेली होती. कारण सरळ होते: गुणफरकाला वजन असेल तर ५० गुणांनी पुढे असलेला प्रशिक्षकही शेवटच्या मिनिटाला आणखी एक टचडाउन करायला सांगेल. हेतू सज्जनपणाचा होता, पण त्यामुळे सूत्रांच्या हातातून अर्धी माहिती काढून घेतली गेली. ३ गुणांचा विजय आणि ४० गुणांचा विजय सारखाच मोजा, आणि मग कोण बलवान ते सांगा, असा तो आदेश होता. जेफ सॅगरिन यांनी तर दोन वेगळ्या क्रमवाऱ्या ठेवल्या, एक बीसीएसच्या नियमात बसणारी आणि दुसरी गुणफरक धरणारी. भाकितासाठी दुसरी अधिक चांगली, असे ते स्वतःच सांगत.

सूत्र आतून कसे चालते हे पाहिले, की ते कोठे मदत करते आणि कोठे नाही हे स्पष्ट होते. वेस्ली कॉली यांची पद्धत सहांपैकी सर्वांत उघड, कागद-पेन्सिलीने समजणारी आहे. जिंकलेल्या सामन्यांतून हरलेले वजा करून त्याचे अर्धे करावे, त्यात प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे मानांक, म्हणजे याच पद्धतीने येणारा त्याच्या बळाचा आकडा, मिळवावे, वर एक मिळवावा, आणि या बेरजेला एकूण सामने अधिक दोन याने भागावे. सुरुवातीला प्रत्येक संघाचे मानांक अर्धे. प्रतिस्पर्ध्यांचे मानांक त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून असल्यामुळे सगळी समीकरणे एकत्रच सोडवावी लागतात, एवढीच काय ती गुंतागुंत.

आता समजा एक संघ १० सामने जिंकला आणि २ हरला, आणि त्याच्या बारा प्रतिस्पर्ध्यांचे सरासरी मानांक ०.६ आहे. बेरीज होते १ अधिक ४ अधिक ७.२, म्हणजे १२.२; भागिले १४, म्हणजे ०.८७. दुसरा संघ बाराही सामने जिंकला, पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे सरासरी मानांक ०.४ आहे. बेरीज १ अधिक ६ अधिक ४.८, म्हणजे ११.८, भागिले १४, म्हणजे ०.८४. अपराजित संघ दोनदा हरलेल्या संघाच्या खाली गेला, आणि यात कोणाचाही पक्षपात नाही. आता हा निकाल अपराजित संघाच्या पाठीराख्यांना समजावून पाहा! सूत्र भांडण मिटवत नाही, ते भांडण सूत्र निवडण्याच्या दिवसाकडे सरकते.

मिशावाकाकरांच्या मूळ उदाहरणाबद्दल सांगायचे तर, कॉलीसारखे सूत्र मायामी आणि नोटर डेम यांच्यातील सामन्याला इतर कोणत्याही सामन्याइतकेच वजन देईल. 'यांनी त्यांना हरवले आहे' हे वाक्य त्याला ऐकूच येत नाही. म्हणजे सूत्राकडे गेलात तर तुमच्या नोटर डेमला कदाचित फायदा झालाही असता, पण मग ज्याला हरवले त्याच्याच खाली बसण्याची वेळ मायामीवर आली असती, आणि हा धागा मायामीच्या एखाद्या पालकाने काढला असता.

तरीही एका बाबतीत मी ठामपणे सूत्रांच्या बाजूचा आहे. २०१० च्या शेवटच्या बीसीएस यादीत एलएसयू दहावा आणि बॉइझी स्टेट अकरावा लागला. नंतर असे उघड झाले की कॉलींच्या माहितीसाठ्यात वेस्टर्न इलिनॉय आणि ॲपलॅशियन स्टेट यांच्यातील, म्हणजे खालच्या विभागातील, एका सामन्याचा निकाल भरायचा राहून गेला होता. तो भरताच बॉइझी दहावा आणि एलएसयू अकरावा झाला. ही चूक एका बाहेरच्या माणसाला पकडता आली, कारण कॉलींचे सूत्र जाहीर होते. उरलेल्यांपैकी बहुतेकांची सूत्रे गुप्त होती. त्यांत किती निकाल भरायचे राहिले असतील ते तेच जाणोत. समितीच्या खोलीतली चूक अशी पकडण्याची सोयच नाही.


टॅलाहासीचा रहिवासी

समितीच्या खोलीचा विषय निघालाच आहे, तर २०२३ चा उल्लेख होणे भाग आहे.

फ्लोरिडा स्टेट १३ सामने खेळला आणि १३ जिंकला, एसीसी या आपल्या कॉन्फरन्सचा विजेता झाला, आणि चार संघांच्या बाद फेरीत त्याला पाचवे स्थान दिले गेले. प्रमुख कॉन्फरन्समधील अपराजित विजेत्याला बाद फेरीने नाकारण्याची ती पहिलीच वेळ होती. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्धच्या सामन्यात मोडला. पुढचे दोन सामने आम्ही बदली खेळाडूंच्या भरवशावर जिंकले, एक सख्ख्या शत्रूच्या म्हणजे फ्लोरिडाच्या मैदानावर आणि दुसरा लुईव्हिलविरुद्ध कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत. समितीच्या नियमावलीत प्रमुख खेळाडू उपलब्ध नसणे विचारात घेण्याची मुभा आहे, आणि त्या एका कलमावर तेरा विजय तोलले गेले. एक पराभव पदरी असलेला अलाबामा चौथा म्हणून आत गेला.

ऑरेंज बाउलमध्ये आम्ही जॉर्जियाकडून ६३-३ असे हरलो, हे मला कोणी सांगायला येऊ नये. त्या सामन्यात आमचे दोन डझनांच्या आसपास खेळाडू उतरलेच नव्हते, आणि ते का उतरले नाहीत हे सांगायची गरज नाही.

माझ्या मते सगळ्या वादाचे मूळ एका शब्दात आहे असे नाही, तर समितीला दिलेल्या कामात आहे. तिला सांगितले आहे की उत्तम संघ निवडा. उत्तम कोण हे भविष्याविषयीचे अनुमान आहे; हंगामात काय कमावले हा भूतकाळाचा हिशेब आहे. पहिल्यासाठी लास व्हेगासचे सट्टेवाले तेरा सदस्यांपेक्षा जास्त तरबेज आहेत. दुसऱ्यासाठी सामने खेळवले जातात.


कोलंबसकर

टॅलाहासीकरांशी भावनेने सहमत, तर्काने नाही. जर फक्त कमावलेल्या विजयांचाच हिशेब करायचा, तर अंकमोड्या यांनी दाखवलेल्या ०.८७ आणि ०.८४ या उदाहरणाचे काय करणार? सगळे विजय एकाच भावाचे नसतात हे मान्य केले, की भाव ठरवणारा कोणीतरी लागतो.

समिती नेमके काय करते याविषयी गैरसमज फार आहेत. टेक्ससमधील ग्रेपव्हाइन येथील हॉटेलात हे तेरा जण बसतात. प्रत्येकजण आधी ३० संघांची यादी देतो, क्रम न लावता. किमान तिघांच्या यादीत असलेले संघ चर्चेत राहतात. मग प्रत्येकजण सर्वांत चांगले सहा सांगतो, सर्वाधिक मते मिळालेल्या सहा संघांना प्रत्येकजण एक ते सहा असे क्रमांक देतो, त्यांतले वरचे तीन कायम होतात, उरलेल्या तिघांत नवे तीन मिसळले जातात, आणि पुन्हा तेच, पंचवीस जागा भरेपर्यंत. स्वतःच्या विद्यापीठाची चर्चा सुरू झाली की त्या सदस्याने खोलीबाहेर जायचे. गुप्त मतदान असले तरी पद्धत लहान गटांत तुलना करण्याची आहे आणि मला ती मतपत्रिकेवर एकदम पंचवीस नावे लिहिण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते. 'शेजारी आल्यावर प्रत्यक्ष निकाल पाहिला' हे अध्यक्षांचे उत्तर याच पद्धतीतून आलेले आहे. ते ऐकायला वाईट वाटते, पण बनावट नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. नोव्हेंबरपासून दर मंगळवारी रात्री टीव्हीवर यादी जाहीर करण्याचा जो सोहळा चालतो, तो बंद झाला पाहिजे. समिती म्हणते की दर आठवड्याला आम्ही कोऱ्या पाटीवरून सुरुवात करतो. लोक मात्र, आणि त्यात काहीच चूक नाही, मागच्या मंगळवारची जागा ही कमाई समजतात. २०१४ मध्ये टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ) तिसऱ्या क्रमांकावर होता, शेवटच्या सामन्यात त्याने आयोवा स्टेटला ५५-३ असे हरवले, आणि दुसऱ्या दिवशी तो सहावा झाला. आमचे ओहायो स्टेट विस्कॉन्सिनला ५९-० असे हरवून चौथे म्हणून आत गेले, अलाबामाला ४२-३५ आणि ओरेगॉनला ४२-२० असे नमवून विजेते ठरले. टीसीयूच्या माणसाला त्या रात्री काय वाटले असेल हे आज मिशावाकाकरांना वेगळे सांगायला नको. यादी एकदाच, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जाहीर झाली असती, तर टीसीयू आणि नोटर डेम यांना बाहेर राहिल्याचे दुःख झाले असते, फसवले गेल्याचे नव्हे. पण वाहिनीला नोव्हेंबरचे ते मंगळवार हवे आहेत, आणि करार २०३१-३२ पर्यंतचा आहे.

आणखी एक. क्रमवारीवर आपण जितका जीव टाकतो तितकी तिची किंमत मैदानावर टिकत नाही. २०२४ मध्ये पहिली चार मानांकने कॉन्फरन्स विजेत्यांना राखीव होती, त्यामुळे बॉइझी स्टेटला तिसरे आणि ॲरिझोना स्टेटला चौथे मानांकन मिळाले. ओरेगॉन आणि जॉर्जिया यांच्यासह त्या चौघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली आणि चौघेही आपला पहिलाच सामना हरले. जिंकले आठवे मानांकन असलेले ओहायो स्टेट. पुढच्याच वर्षी तो नियम बदलून मानांकने सरळ क्रमवारीप्रमाणे दिली गेली, आणि दहावे मानांकन असलेला मायामी थेट अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेथे तो इंडियानाकडून २७-२१ असा हरला. मिशावाकाकर, ज्या संघाने तुमची जागा घेतली त्याने निदान ती वाया घालवली नाही.


नागपूरकर

मी हा खेळ रात्री जागून पाहणारा नवखा प्रेक्षक आहे, त्यामुळे एकाच मुद्द्यावर लिहितो. विसावा ट्युलेन आणि चोविसावा जेम्स मॅडिसन आत, अकरावा नोटर डेम बाहेर, यावर बराच ओरडा झाला. ट्युलेन ओल मिसकडून ४१-१० असा आणि जेम्स मॅडिसन ओरेगॉनकडून ५१-३४ असा हरल्यावर 'बघा, सांगितले नव्हते का' असे म्हणणाऱ्यांना चेव आला. आमच्याकडे २०१८-१९ च्या रणजी हंगामात प्लेट गटातून आलेल्या उत्तराखंडला उपांत्यपूर्व फेरीत थेट जागा होती. जामठ्याच्या मैदानावर विदर्भाने त्यांना डावाने हरवले. सामना एकतर्फी झाला म्हणून त्या संघाने तिथपर्यंत यायलाच नको होते, असे काही मला तेव्हा वाटले नव्हते. नोटर डेमला त्याच्या ताकदीचे सामने दरवर्षी मिळतात. जेम्स मॅडिसनला ओरेगॉनच्या मैदानावर, ओरेगॉनच्याच प्रेक्षकांसमोर, एरवी कोण बोलावणार?

बाकी, मोठ्या संघांनी हरलेले सामने मात्र 'चुरशीचे' म्हणून माफ केले जातात, हे या खेळात मला अजून उमगलेले नाही.


मिशावाकाकर (धागाकर्ते)

सर्वांचे आभार. नागपूरकरांच्या मुद्द्यावर मी वाद घालणार नाही. मायामी नोटर डेमच्या वर असावा हेही मला मान्य आहे; मैदानावर त्यांनी हरवले होते. जे ३१ ऑगस्टला ठरले ते ४ नोव्हेंबरलाच मान्य करायला हवे होते, एवढाच माझा आक्षेप, आणि कोलंबसकरांचा यादी एकदाच जाहीर करण्याचा उपाय मला सूत्रापेक्षा जास्त पटला.

परंतु पैशांची बाब कोणी काढली नाही. २०२५ च्या हंगामात बाद फेरीत नुसता प्रवेश मिळाला की ४० लाख डॉलर होते आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली की आणखी ४० लाख. इतर संघांची रक्कम त्यांच्या कॉन्फरन्सकडे जात असे. नोटर डेम स्वतंत्र असल्यामुळे ती पूर्ण त्याचीच. ज्या समितीच्या दहाव्या आणि अकराव्या जागेत एवढे अंतर आहे, तिचे मतदान गुप्त असावे का? प्रशिक्षकांच्या मतदानातील शेवटची मतपत्रिका २००५ पासून नावानिशी जाहीर होते. समितीने तसे का करू नये?

दुसरी चिंता वेळापत्रकाची. टेक्ससने हंगामाचा पहिला सामना कोलंबसमध्ये जाऊन ओहायो स्टेटविरुद्ध १४-७ असा गमावला, शेवटी नऊ विजय आणि तीन पराभवांवर तो तेरावा राहिला. त्याऐवजी घरच्या मैदानावर एखादा दुबळा संघ बोलावला असता तर दहा विजय झाले असते. नोटर डेम आणि यूएससी यांच्यातील मालिका २०२६ पासून खंडित झाली, तीही याच हिशेबापायी असे मला वाटते. मोठा सामना हरण्याची शिक्षा एवढी असेल तर तो खेळेल कोण?


अंकमोड्या

मते नावानिशी जाहीर करावीत, याला माझा पूर्ण पाठिंबा.

टेक्ससचे उदाहरण मात्र तुमच्या बाजूचे नाही. टेक्सस कोलंबसच्या ७ गुणांच्या पराभवामुळे बाहेर राहिला नाही. तो फ्लोरिडाकडून २९-२१ असा हरला, आणि फ्लोरिडाने त्या हंगामात बारांपैकी फक्त चार सामने जिंकले. मघाच्या सूत्रात घालून पाहिले तर ओहायो स्टेटशी सामना खेळल्याने बेरजेत जवळजवळ ०.९ ची भर पडते, दुबळ्या संघाशी खेळल्याने ०.२ किंवा ०.३ ची. पराभवाने जाणारा अर्धा गुण मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या मानांकातून पूर्ण भरून निघतो, फ्लोरिडासारख्याच्या मानांकातून निघत नाही. समितीनेही २०२५ पासून विजय-पराभव कोणाविरुद्ध आले हे मोजणारा एक नवा निकष आपल्या कागदपत्रांत घेतला आहे. तो आकडा प्रत्येक संघासमोर, प्रत्येक सदस्याच्या मतासह छापा, एवढी मागणी घेऊन कोणी पुढे आले तर मी सही करायला तयार आहे.

आणि एसईसी, म्हणजे अलाबामा, जॉर्जिया, टेक्सस यांची कॉन्फरन्स, २०२६ पासून कॉन्फरन्समध्येच आठाऐवजी नऊ सामने खेळणार आहे. बाहेरच्या बलाढ्य संघाशी सामना ठरवायला पुढच्या हंगामात त्यांच्यापैकी किती जण तयार होतात ते पाहू. अलाबामाने २०२५ चा पहिला सामना टॅलाहासीत फ्लोरिडा स्टेटविरुद्ध ३१-१७ असा गमावला होता आणि जॉर्जियाकडून कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत २८-७ असा मार खाऊनही तो नवव्या क्रमांकावरून तसूभरही हलला नाही. टॅलाहासीचे रहिवासी यावर काय म्हणतात ते वाचायला आवडेल.


टॅलाहासीचा रहिवासी

काय म्हणणार? २०२३ मध्ये आमच्या जागी जे गेले तेच हे अलाबामा. कॉन्फरन्सचा अंतिम सामना हरलेल्याला खाली आणायचे नाही, हे धोरण म्हणून मी समजू शकतो. न खेळता घरी बसलेल्यापेक्षा जास्त खेळलेल्याचे नुकसान होऊ नये. पण मग त्याच दिवशी, तशाच सामन्यात हरलेल्या ब्रिगहॅम यंगला मायामीच्या खाली कसे आणले? दोन्ही पराभव मोठे, दोन्ही कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीतले. ब्रिगहॅम यंगचे अकरा विजय होते, अलाबामाचे दहा. मिशावाकाकर, तुमची जागा मायामीने नाही, या एका विसंगतीने घेतली.